विरते म्हणजे संपते का?

वाहते पाणी स्वतःला शुद्ध करून घेते, ही आपल्याकडची फार जुनी समजूत आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. नदीत मिसळलेले शेण, पालापाचोळा, मानवी मैला यांवर पाण्यातील असंख्य जीवाणू जगतात. त्यासाठी ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात, आणि काही कोस पुढे गेल्यावर पाणी बरेचसे पूर्ववत होते. आपल्या पूर्वजांनी नदीकाठी गावे वसविली ती याच अनुभवाच्या भरवशावर. परंतु जीवाणूंची शेणामैल्याशी ओळख कोट्यवधी वर्षांची आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत प्रयोगशाळेत जन्मलेल्या रेणूंशी त्यांची ओळख काल-परवाची आहे. तेव्हा एखादे औद्योगिक रसायन नदीत, मातीत किंवा हवेत गेल्यावर ते किती दिवसांत मोडेल आणि मोडून त्याचे काय बनेल, हे आधीच सांगता येते काय? बऱ्याच अंशी येते. ते कसे सांगतात, त्या भाकितावर कितपत विसंबावे आणि सातपूरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या सामान्य माणसाने त्याची चौकशी का करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

वरचे पाणी, खालचे पाणी

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि पुढील दोन दशकांत सातपूर या गावाचे रूपांतर एका मोठ्या औद्योगिक वसाहतीत झाले. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली तेव्हा सातपूर शहराचाच एक भाग बनले. येथील उद्योगांत धातुकामाचे प्राबल्य आहे. मोटारींचे सुटे भाग, विजेची उपकरणे, लहानमोठी यंत्रे येथे तयार होतात. धातूचा तुकडा यंत्रावर कापताना त्यावर तेल व कूलंट सोडतात. मग ते तेल काढून टाकण्यासाठी तो द्रावकात किंवा साबणी द्रावणात धुतात. ॲसिडमध्ये बुडवून त्याचा गंज काढतात. त्यावर जस्त, निकेल किंवा क्रोमचे प्लेटिंग करतात. शेवटी रंग देतात. यातील प्रत्येक पायरीला एकेक रसायन लागते, आणि प्रत्येक पायरीनंतर काहीतरी धुऊन टाकावे लागते.

याच परिसरातून नासर्डी वाहते. नंदिनी हे तिचे जुने नाव. टाकळी येथे ती गोदावरीस मिळते आणि समर्थ रामदासांनी तरुणपणी बारा वर्षे तपश्चर्या केली ती या संगमावर, अशी परंपरा आहे. पुढे गोदावरी निफाड तालुक्यातून नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात येते. पाणपक्ष्यांसाठी विख्यात असलेले हे स्थळ रामसर यादीत समाविष्ट आहे. तेथून नदी पैठणला जायकवाडीच्या जलाशयात पोहोचते, आणि छत्रपती संभाजीनगरच्या नळांना त्या जलाशयातून पाणी जाते. नाशिकच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य आधार असलेले गंगापूर धरण मात्र सातपूरच्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे आपण नाशिककर वरचे पाणी पितो आणि आपले वापरलेले पाणी खालच्यांकडे सोडतो. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न २०१२ मध्ये जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, त्यानंतर त्यावर पुष्कळ चर्चा झाली. परंतु ती बहुतांशी मैलापाणी, पाणवेली आणि फेस या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींभोवती फिरत राहिली. जे दिसत नाही त्याचे काय होते, हा प्रश्न ‘दृष्टिआड सृष्टी’ या न्यायाने मागेच राहिला.

उसाचे कांडे आणि बाभळीची फांदी

रसायन मोडेल की नाही, याचा पहिला अंदाज त्याच्या रेणूच्या आकारावरून बांधतात. याचे शास्त्रज्ञांना मिळालेले पहिले मोठे शिक्षण कपडे धुण्याच्या पावडरीतून मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर साबणाऐवजी जे डिटर्जंट प्रचारात आले, त्यांच्या रेणूला कार्बन अणूंची फांद्या फुटलेली शेपटी होती. कपडे उत्तम निघत. परंतु सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडूनही हा पदार्थ जसाच्या तसा राही, आणि युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. काही ठिकाणी नळाच्या पाण्यालाही फेस येऊ लागला. शोध घेता कारण सापडले. जीवाणू कार्बनची सरळ साखळी टोकाकडून दोन-दोन अणूंनी कुरतडत आणतात, जसे आपण उसाचे कांडे एका टोकाकडून चावत येतो. साखळीला फांद्या असल्या की हे चर्वण अडते. ऊस सोडून बाभळीची काटेरी फांदी तोंडात धरल्यासारखे होते. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये डिटर्जंट मोडण्याजोगेच असले पाहिजे असा कायदा केला. अमेरिकेतील उत्पादकांनी १९६५ मध्ये सरळ शेपटीचा रेणू स्वीकारला. नद्यांवरील तो फेस ओसरला. आज आपल्या घरोघरच्या पावडरीत प्रामुख्याने हाच सरळ शेपटीचा पदार्थ असतो.

या अनुभवातून काही ठोकताळे तयार झाले. सरळ साखळी, पाण्याने तुटणारा एस्टरचा बंध हे विघटनास अनुकूल. फांद्या, क्लोरीन, नायट्रो गट आणि विशेषतः फ्लोरिन हे प्रतिकूल. पुढे हे ठोकताळे संगणकावर चढले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने १९९५ पासून जीवाणूंच्या विघटनक्रियांची एक सूची जमविण्यास आरंभ केला आणि तिच्या आधारे रेणूचा पुढील प्रवास सांगणारी प्रणाली तयार केली. अमुक प्रकारच्या बंधावर जीवाणूंची अमुक विकरे काम करतात, असे नियम तिच्यात भरलेले असतात. रेणूची आकृती दिली की प्रणाली त्याची मुले, नातवंडे, पतवंडे यांची वंशावळ काढून दाखविते. या वंशावळीचा दोष असा की तीत संभाव्य वारस फार निघतात, आणि त्यांतील प्रत्यक्षात जन्माला येणारे कोणते हे ठरविण्यास अखेर माणसाचे ज्ञान आणि बाटलीतील प्रयोगच लागतो.

रेणूच्या आकारानंतर तो जातो कोठे, हा दुसरा प्रश्न. काही पदार्थ हवेत उडतात, काही पाण्यात विरघळतात, काही गाळाला चिकटतात, काही माशांच्या व माणसांच्या चरबीत साठतात. हवेत सूर्यप्रकाश आणि त्यातून उत्पन्न होणारे क्रियाशील गट त्यांचा समाचार घेतात, पाण्यात जीवाणू आणि स्वतः पाणीही ते काम करते. एकच पदार्थ हवेत आठवड्यात मोडावा आणि जमिनीखाली वर्षानुवर्षे टिकावा, असे सर्रास घडते. म्हणून ‘हे रसायन किती दिवसांत मोडते?’ हा प्रश्न ‘कोठे?’ या शब्दावाचून अपुरा आहे.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे जरूर आहे. लवकर मोडणारा पदार्थ निर्धोक असतोच असे नाही. १९८४ साली भोपाळमध्ये ज्या मिथाइल आयसोसायनेट वायूने हजारोंचे प्राण घेतले, तो पाण्याशी संबंध आला की काही मिनिटांत मोडू लागतो. उलट त्याच कारखान्याच्या आवारात पडलेला विषारी कचरा चाळीस वर्षांनीही संपला नव्हता. त्यांपैकी ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला नेऊन पुढील काही महिन्यांत जाळावा लागला. पदार्थ किती विषारी आणि पदार्थ किती टिकाऊ, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारले पाहिजेत.

चार पिंपे

आता धातुकामाच्या कोणत्याही वसाहतीत आढळू शकतील अशी चार पिंपे डोळ्यांसमोर आणू.

पहिल्या पिंपात ट्रायक्लोरोएथिलीन आहे. कारखान्यात त्याला नुसते टीसीई म्हणतात. तेलकट भाग त्याच्या वाफेत धरला की क्षणात स्वच्छ होतो. हे द्रव हवेत चटकन उडते आणि तेथे साधारणतः आठवड्याभरात त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. येवढेच पाहिले तर चिंतेचे कारण दिसत नाही. परंतु ते जमिनीवर सांडले तर गोष्ट बदलते. ते पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड असल्याने भूजलाच्या तळाशी उतरत जाते. नाशिकची जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची. तिच्यातील पाणी खडकाच्या भेगांतून वाहते, आणि भेगेत शिरलेले द्रव शोधून बाहेर काढणे फार दुष्कर असते. तेथे प्रकाश नाही, हवा नाही. प्राणवायूविना जगणारे काही जीवाणू या रेणूतील क्लोरीनचे अणू एकेक करून काढतात. तीनाचे दोन, दोनाचा एक. एक क्लोरीन उरतो तेव्हा जो पदार्थ बनतो त्याचे नाव व्हिनाइल क्लोराइड. टीसीई आणि व्हिनाइल क्लोराइड या दोहोंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवास कर्करोगकारक ठरविले आहे, आणि पिण्याच्या पाण्यात मुलगा बापापेक्षा अधिक घातक समजला जातो. शेवटचा क्लोरीन काढून निरुपद्रवी एथिलीनपर्यंत मजल मारणारा जीवाणू १९९७ मध्ये अमेरिकेत प्रथम वेगळा करण्यात आला. तो किंवा त्याचे भाऊबंद प्रत्येक जमिनीत असतातच असे नाही. जेथे ते नाहीत तेथे विघटन मध्येच थांबते, आणि आगीतून फुफाट्यात पडावे तशी विहिरीची अवस्था होते.

दुसऱ्या पिंपात डिग्रीजिंगचे साबणी द्रावण आहे. अशा द्रावणांत नॉनिलफेनॉल एथॉक्सिलेट नावाचे घटक वापरण्याचा प्रघात होता आणि अनेक देशांत तो अद्याप गेलेला नाही. हा पदार्थ मोडतो, आणि पटकन मोडतो. त्याची लांब शेपटी जीवाणू आवडीने खातात. परंतु शेपटी खाऊन झाल्यावर उरणारे डोके, म्हणजे नॉनिलफेनॉल, त्यांना सहजी पचत नाही. ते गाळात साचते, माशांना मूळ पदार्थापेक्षा अधिक विषारी ठरते, आणि स्त्री-संप्रेरकासारखे वर्तन करून त्यांच्या प्रजननात ढवळाढवळ करते. युरोपीय संघाने २००३ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले ते याच कारणाने. मूळ पदार्थ किती टक्के नाहीसा झाला, येवढाच आकडा पाहणाऱ्याला मात्र हे द्रावण उत्तीर्ण झालेलेच दिसेल.

तिसऱ्या पिंपात क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर टाकावयाचे एक द्रव आहे. टाकीतून वीज खेळविली की बुडबुडे येतात आणि क्रोमिक ॲसिडचे विषारी तुषार कामगाराच्या नाकातोंडात जातात. ते दाबून ठेवण्यासाठी जगभर पीएफओएस या फ्लोरिनयुक्त पदार्थाचा उपयोग करण्यात आला. म्हणजे हेतू उत्तम, कामगाराच्या रक्षणाचाच होता. पण कार्बन व फ्लोरिन यांचा बंध हा कार्बनने जोडलेल्या एकेरी बंधांत सर्वांत बळकट. तो उकळत्या ॲसिडपुढे हार जात नाही म्हणून तर टाकीत टिकतो. आणि ज्या गुणामुळे टाकीत टिकतो त्याच गुणामुळे नदीतही टिकतो. याचे भाकीत करण्यास संगणकाची गरज नाही. निसर्गातील कोणत्याही जीवाणूला त्याचा मूळ सांगाडा पुरता मोडताना कोणी पाहिलेले नाही. थ्रीएम या प्रमुख उत्पादक कंपनीने २००० साली त्याचे उत्पादन थांबविण्याची घोषणा केली, आणि २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत तो समाविष्ट झाला, परंतु प्लेटिंगसाठी सवलत ठेवून. त्याच्या जागी आलेल्या काही पर्यायांचा अर्धा भाग मोडतो आणि उरलेला फ्लोरिनचा तुकडा तसाच राहतो.

हा विषय आपल्यापासून दूर आहे असे कोणी मानू नये. इटलीत व्हिचेन्झाजवळ अशीच रसायने बनविणाऱ्या मिटेनी या कारखान्याने मोठ्या प्रदेशाचे भूजल दूषित झाले. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि २०२५ च्या जूनमध्ये तेथील न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. त्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेऊन कोकणात लोटे परशुराम येथे आणल्याच्या बातम्याही त्याच वर्षी आपण वाचल्या. यंत्रसामग्री आणणे हा गुन्हा नव्हे, आणि तीच चूक येथे होईलच असेही म्हणता येणार नाही. पण तेथे जे पाण्यात गेले ते मोडणारे नव्हते, हे आता जगाला ठाऊक आहे. असे असता येथे पहिल्या दिवसापासून अधिक काटेकोर प्रश्न विचारले जावेत, ही अपेक्षा अवास्तव नाही.

चौथ्या पिंपात क्रोमिक ॲसिड. क्रोमियम हे मूलद्रव्य; ते मोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याचे घातक सहा-संयुजी रूप बदलून तुलनेने सौम्य तीन-संयुजी रूपात आणणे आणि चुन्याने त्याचा साका बसविणे, येवढेच करता येते. गंमत अशी की या सर्वांत जुन्या विषाची व्यवस्था आपल्या नियमांत सर्वांत स्पष्ट आहे. नदीत सोडावयाच्या पाण्यात सहा-संयुजी क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा दंडक आहे. तो पाळला जातो की नाही हा वेगळा मुद्दा. पण निदान दंडक आहे. उरलेल्या तीन पिंपांसाठी सर्वसाधारण नियमांत असा नावनिशीवार आकडा सापडणे कठीण.

तीन दिवसांची परीक्षा

मग सांडपाण्याची परीक्षा होते ती कशी? मुख्यत्वे बीओडी आणि सीओडी या दोन आकड्यांनी. बीओडी म्हणजे जीवाणूंनी ठरावीक मुदतीत किती प्राणवायू वापरला त्याचे माप. या कसोटीचा जन्म इंग्लंडमधील सांडपाण्यावरील रॉयल कमिशनच्या कामातून झाला; त्याचा प्रसिद्ध अहवाल १९१२ चा. पाच दिवसांची मुदत ठरली, कारण तेथील नद्यांचे पाणी तेवढ्या अवधीत समुद्रास मिळते, असा हिशेब सांगितला जातो. आपल्या हवामानास अनुसरून भारतात २७ अंशांवर तीन दिवस अशी सुधारणा झाली, आणि ती योग्यच होती. परंतु गोदावरीचा प्रवास १,४६५ किलोमीटरांचा आहे, त्यात ठिकठिकाणी धरणे आहेत, आणि तीन दिवसांच्या परीक्षेत जे उत्तर देत नाही ते पाण्यात नाहीच, असे त्यावरून ठरत नाही. किंबहुना मैल्याचा बीओडी जास्त येतो, कारण जीवाणू तो खातात. पीएफओएसचा बीओडी शून्य येतो, कारण त्याला कोणी तोंड लावीत नाही. म्हणजे या परीक्षेत जो विद्यार्थी पेपर कोराच देतो तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो! सीओडीच्या कसोटीत तीव्र रसायनाने सेंद्रिय पदार्थ जाळून पाहतात; तीतूनही फ्लोरिनचे हे रेणू निसटतात. शिवाय ते तीव्र रसायन म्हणजे डायक्रोमेट, पुन्हा सहा-संयुजी क्रोमियमच. प्रयोगशाळेत तपासणी झाल्यावर ते कोठे ओतले जाते, हाही प्रश्न शिक्षकांनी स्वतःस विचारण्याजोगा आहे.

नव्या रसायनांसाठी जगात वेगळी कसोटी आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८१ मध्ये ठरविलेल्या पद्धतीनुसार रसायन सांडपाण्यातील जीवाणूंसह २८ दिवस ठेवतात. त्याच्या पूर्ण ज्वलनास जेवढा प्राणवायू लागेल त्याच्या ६० टक्के वापरला गेला, तर ते ‘सहज विघटनशील’ ठरते. पिंपावर किंवा माहितीपत्रकावर हा शब्द आपण वाचतो आणि निश्चिंत होतो. परंतु ही परीक्षा सुमारे २२ अंश तपमानात, भरपूर प्राणवायूत होते. नासर्डीची उन्हाळ्यातील स्थिती याच्या नेमकी उलट असते. तिचा स्वतःचा प्रवाह आटतो, नाल्यांतून येणारे पाणी तेवढे उरते, आणि मैल्याच्या भारामुळे त्यातील प्राणवायू संपतो. आपल्या घरातील डिटर्जंटचा सरळ शेपटीचा रेणूसुद्धा प्राणवायूविना जवळजवळ मोडत नाही. दुसऱ्या पिंपातील नॉनिलफेनॉलही अशा कोंदट पाण्यातच अधिक साचते. म्हणून युरोपातल्या बाटलीत खरे ठरलेले भाकीत सातपूरच्या नाल्यात खोटे ठरू शकते, आणि त्यात भाकीत करणाऱ्याचा दोष नसतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उष्णता वाढली की विघटनाचा वेग वाढतो. दहा अंशांना सुमारे दुप्पट, असा स्थूल हिशेब आहे. शिवाय एखाद्या रसायनाची सवय झालेले जीवाणू ते अधिक चपळाईने मोडतात. तेव्हा नासर्डी काही बाबतींत युरोपच्या नद्यांहून अधिक समर्थही असेल. कोणत्या बाबतींत, हे नासर्डीचेच पाणी सांगू शकेल.

विचारायचे कोणी?

जपानमध्ये १९६८ साली तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी हे न मोडणारे औद्योगिक रसायन गळून मिसळले आणि हजारो लोक आजारी पडले. त्या देशाने १९७३ मध्ये कायदा केला: नवे रसायन कारखान्यात बनविण्यापूर्वी ते मोडते का, शरीरात साठते का आणि विषारी आहे का, हे दाखवा. म्हणजे आधी उत्तर, मग उत्पादन. आपल्याकडे १९७४ चा जलप्रदूषण कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे. महाराष्ट्राने तर १९६९ मध्येच स्वतःचा कायदा करून १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले; या बाबतीत आपले राज्य केंद्राच्याही पुढे होते. परंतु या सर्व व्यवस्थेचे लक्ष नळाच्या तोंडाशी, म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्यावर आहे. पिंप कारखान्यात येते तेव्हा त्याला प्रश्न विचारण्याची तरतूद दुबळी आहे. रसायनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियमांचा मसुदा २०२० मध्ये चर्चेस आला होता. असे नियम देशभर अमलात येतील तेव्हा येवोत. कारखान्याला संमतीपत्र देताना वापरावयाच्या प्रत्येक रसायनापुढे तीन रकाने घालण्यासाठी तेवढे थांबण्याचे कारण नाही. ते कोठे जाणार? किती काळात मोडणार? मोडून त्याचे काय बनणार? ज्याला या रकान्यांत काही लिहिता येत नाही, त्याने ते रसायन बंद टाकीत फिरवावे, परत मिळवावे, अथवा दुसरे शोधावे. लहान प्लेटिंगवाल्याला ही चौकशी एकट्याने झेपणार नाही, हे मान्य. म्हणूनच ती उद्योजकांच्या संघटनांनी आणि मंडळाने मिळून एकदाच करून सर्वांना उपलब्ध करून द्यावी.

यात महाविद्यालयांनाही मोठे काम आहे. पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्राच्या पदवीवर्गाला जमेल असा एक प्रयोग सांगतो. नासर्डीचे पाणी तीन बाटल्यांत भरावे. एकातील पाणी आधी उकळून जीवाणू मारावेत, दुसरी हवेशीर ठेवावी, तिसरी हवाबंद ठेवावी. तिन्हींत डिटर्जंटची सारखी, ठरावीक मात्रा घालावी. दोन-तीन आठवडे दर दोन दिवसांनी थोडे पाणी काढून त्यात मिथिलीन ब्लू आणि क्लोरोफॉर्म मिसळावे. जितके डिटर्जंट शिल्लक तितका क्लोरोफॉर्मचा थर निळा. (वापरलेला क्लोरोफॉर्म मात्र गटारात न ओतता साठवून ठेवावा.) हवेशीर बाटलीतला निळा रंग फिकटत जाईल, हवाबंद बाटलीतला तसाच राहिला, तर आपल्या नदीला उन्हाळ्यात काय होते हे त्या मुलांना कोणत्याही व्याख्यानापेक्षा चांगले कळेल. हाच प्रयोग मे महिन्यात, ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत करून आकडे वर्षानुवर्षे जपून ठेवले, तर नासर्डीचे स्वतःचे पंचांग तयार होईल. परदेशी आकडे त्याच्याशी ताडून पाहता येतील. आज तसे ताडून पाहण्यास आपल्या हाताशी फारसे काही नाही.

कारकून आणि शिक्षक असलेल्या वाचकांना वाटेल, यात आमचा संबंध काय? संबंध असा की २००५ च्या माहितीच्या अधिकारान्वये कारखान्यांची संमतीपत्रे मागून पाहण्याचा हक्क प्रत्येकास आहे, आणि तो प्रश्न विचारण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. ‘हे विघटनशील आहे’ असे उत्तर आले, तर त्यावर समाधान न मानता पुढे विचारावे: कोणत्या पाण्यात, किती दिवसांत, आणि विघटन होऊन काय उरते? या तीन प्रश्नांची उत्तरे देणाऱ्याला स्वतःलाही प्रथमच विचार करावा लागेल, आणि पुष्कळदा सुधारणेचा आरंभ तेथूनच होतो.

टाकळीच्या संगमावर आज उभे राहिले तर नासर्डी आपल्याबरोबर काय घेऊन आली हे डोळ्यांनी सांगता येत नाही. तेथून खाली निफाडचे मळे आहेत, नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी आहेत, पैठणचा जलाशय आहे. सातपूरच्या मोरीतून निघालेला रेणू वाटेत मोडला की तसाच पोहोचला, हे त्यांना आपल्यावाचून कोण सांगणार? वरच्या अंगाला राहणाऱ्याने खालच्या अंगाच्या पाण्याचा हिशेब ठेवावा, हा गावगाड्याचा जुना धर्म आहे. रसायने नवी आली म्हणून तो बदललेला नाही.